हेड न उतरवता : पद्मिनीच्या काळातील एका हत्याराची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला फोनवर तीन फोटो पाठवले. त्याचे दिवा-शिळ रस्त्यालगत लहानसे गॅरेज आहे. फोटो होते व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायच्या तीन हत्यारांचे. खाली त्याने लिहिले होते, "मामू, वॅगन आर आली आहे, सकाळी धूर मारते. हेड न उतरवता सील बदलायचे आहेत. यातले कोणते मागवू?"

आता मी गॅरेजमध्ये काम करत नाही, पण माझी बारा-तेरा वर्षे तिथेच गेली. अब्बांच्या हाताखाली मी पाने ओळखायला शिकलो आणि त्यांच्याच गॅरेजमध्ये माझ्या हातून एका टॅक्सीचे इंजिन खराब झाले. त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाला मला एका ओळीत उत्तर देता आले नाही. हत्याराची निवड वाटते तेवढी साधी नसते. मुंबई आणि ठाण्याच्या गॅरेजांत हे हत्यार कसे आले, कसे बदलले आणि 'न उघडता काम' करण्याची एवढी घाई आपल्याला का लागली, याला एक इतिहास आहे. तो बहुतेक कुठे लिहिलेला नाही. जेवढा मला ठाऊक आहे तेवढा इथे मांडतो.

आधी काम काय आहे ते पाहू. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला निदान दोन व्हॉल्व्ह असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'वॉल' म्हणतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो. प्रत्येक व्हॉल्व्ह एका स्प्रिंगने वर ओढून धरलेला असतो. स्प्रिंगच्या डोक्यावर एक टोपी असते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यावर दोन अर्धगोल लॉकनी अडकवलेली असते. ही लॉक हरभऱ्याच्या डाळीपेक्षा फार मोठी नसतात. दांडा ज्या नळीतून वर-खाली होतो तिला गाईड म्हणतात आणि गाईडच्या तोंडावर रबरी सील बसवलेले असते. वरचे तेल दांड्यावरून सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून. इंजिनच्या उष्णतेने हे रबर काही वर्षांत कडक होते. मग रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा धूर फेकते. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून पायथ्याशी पुन्हा दाबला की मागच्या गाडीवाल्याला तोच धूर दिसतो. स्प्रिंग थकली तर वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि तुटली तर इंजिन टिकटिक करत मिसिंग करू लागते.

स्प्रिंग आणि सील दोन्ही स्वस्त वस्तू आहेत. महाग असते ते तिथपर्यंत पोहोचणे.

झाकणाचे इंजिन

अब्बांच्या उस्तादांनी शिकण्याची सुरुवात केली ती मोठ्या अमेरिकन गाड्यांवर. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या टॅक्सीत डॉज आणि प्लिमथ दिसत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून गाड्या जोडत होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, फार्गो बाहेर पडू लागल्या. या गाड्यांचे सहा सिलिंडरचे इंजिन 'साईड व्हॉल्व्ह' पद्धतीचे होते. म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसत, ते सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच उभे असत. हेड म्हणजे फक्त झाकण.

अशा इंजिनमध्ये व्हॉल्व्ह खाली पडण्याची भीती नव्हती, कारण तो खालून वर उभा होता. मेकॅनिक बाजूची पत्र्याची खिडकी उघडून लांब जबड्याचे हत्यार आत घालत आणि स्प्रिंग वर उचलून लॉक काढत. व्हॉल्व्ह बाहेर घ्यायचा तर वरचे झाकण काढावे लागे, पण झाकणात काही नसल्याने त्याचे कुणाला ओझे वाटत नसे. इंजिन गाडीतच राही.

१९५० च्या दशकात चित्र बदलले. परदेशी सुटे भाग आणून इथे नुसती जोडणी करणाऱ्यांना सरकारने उत्तेजन देणे थांबवले आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीतला कारभार गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता. १९५४ पासून फियाट ११०० इथे येऊ लागली. तिचे गोलमटोल रूप पाहून आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव जाऊन तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि व्हॉल्व्ह आता वर हेडमध्ये उलटे टांगलेले.

व्हॉल्व्ह टांगला म्हणजे लॉक काढताच तो सिलिंडरमध्ये पडणार. पूर्ण आत पडला तर हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून सरळ मार्ग एकच होता. आधी हेड उतरवा, टेबलावर ठेवा, इंग्रजी 'सी'च्या आकाराचा शिकंजा लावा, त्याचा एक पाय व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि दुसरा स्प्रिंगच्या टोपीवर ठेवून दाबा. हे हत्यार आजही सगळ्यात सुरक्षित आहे. पण हेड बाहेर असल्याशिवाय ते लागत नाही.

एका दिवसाचा धंदा

हेड उतरवणे म्हणजे काय ते सांगतो. रेडिएटरचे पाणी काढायचे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवायचे. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने ढिले करायचे, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. वाकले तर फेसिंगला पाठवायचे. हेड पॅकिंग नवे आणायचे. मग सगळे उलट्या क्रमाने बसवून पुन्हा नट ताणायचे. सगळे सुरळीत झाले तरी दीड-दोन दिवस जात. फेसिंगवाल्याकडे रांग असली तर तीन.

स्वतःची गाडी असलेल्या माणसाला तीन दिवस बसने जाता येते. टॅक्सीवाल्याचे तसे नाही. बरेचसे चालक दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवत. मालकाचे भाडे रोजचे ठरलेले, त्यानंतर पेट्रोल किंवा गॅस, आणि उरेल ते घरी. गाडी उभी राहिली की घरी काहीच जात नाही आणि मालकाशी वाद होतो तो वेगळाच. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पद्मिनी होत्या. म्हणजे एकच इंजिन, एकच दुखणे आणि प्रत्येक चालकाच्या तोंडी एकच विनंती : "उस्ताद, हेड खोलू नका. संध्याकाळपर्यंत द्या."

'उस्ताद' हा फारसीतून आलेला शब्द. आपण तो गाण्यातल्या आणि तबल्यातल्या मोठ्या माणसांसाठी वापरतो, पण गॅरेजमध्ये तो रोजचा आहे, मग मेकॅनिक कोणत्याही जातिधर्माचा असो. संगीतासारखीच इथेही विद्या हातातून हातात जाते. फियाटचे हेड न उतरवता स्प्रिंग काढण्याची रीत अब्बांनी कुर्ल्यात अशीच पाहून शिकली. पुढे जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे सरकली, त्यांत आमचेही होते. मुंब्र्यात जागेचे भाव चढले तेव्हा अब्बांनी पुढच्याच स्टेशनावर, दिव्याला, गॅरेज थाटले. दिव्यात आमचे शेजारी निघाले चिपळूण, संगमेश्वर, राजापूरचे. त्यांतले कित्येक जण मुंबईत टॅक्सी चालवत. रात्री गाडी घेऊन घरी येत, फाटकाजवळच्या रांगेत अर्धा तास काढत आणि आमच्या दारात लावत.

तरफ आणि दोरी

अब्बांच्या पेटीत या कामाची दोन हत्यारे होती. पहिली तरफ. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यातून त्यांनी ती घडवून घेतली होती. एका टोकाला आकडा, मध्ये खिडकीसारखी फट असलेला पाय, दुसऱ्या टोकाला हातभर दांडा. फियाटच्या हेडवर रॉकरचा आडवा दांडा असतो. रॉकर उतरवून नुसता दांडा परत बसवायचा, त्याखाली आकडा अडकवायचा, पाय स्प्रिंगच्या टोपीवर टेकवायचा आणि दांडा खाली दाबायचा. स्प्रिंग बसते, लॉक मोकळी होतात आणि खिडकीतून चुंबकाने उचलता येतात. खिडकी नेमकी हवी. ती अरुंद असेल तर लॉक दिसत नाही, आणि जास्त रुंद असेल तर पाय टोपीवरून घसरतो. बाजारातली तरफ घेतानाही पाहायचे ते हेच. तिला टेकू कुठे मिळणार आणि पायातून लॉक दिसणार का.

दुसरे हत्यार म्हणजे नायलॉनची दोरी. ही व्हॉल्व्हला खालून धरण्यासाठी. प्लग काढायचा, पिस्टन थोडा खाली ठेवायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची आणि प्लगच्या भोकातून करंगळीपेक्षा बारीक दोरी आत सोडत राहायची. बाहेरच्या टोकाला गाठ, म्हणजे दोरी सगळी आत जाणार नाही. मग गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलायची. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा व्हॉल्व्हखाली दाबला जातो आणि हाताला अडल्यासारखे लागले की थांबायचे. आता लॉक काढले तरी व्हॉल्व्ह पडत नाही. पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर येतात, दुसरा आणि तिसरा एकदम. त्या हिशोबाने दोन दोऱ्या असल्या तर काम निम्म्या वेळात होते.

दोरी सुताची घ्यायची नाही, तिचे तंतू आत सुटतात. टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यायचे. जोडलेली दोरी कधीच वापरायची नाही.

लहानपणी मला वाटे की ही दोरी म्हणजे गरिबाचा जुगाड. कारखान्यात, मोठ्या वर्कशॉपमध्ये काहीतरी वेगळे, खरे हत्यार असणार. फार पुढे मला कळले की लायकमिंग या अमेरिकन विमान-इंजिन कंपनीच्या सर्व्हिस सूचनेत व्हॉल्व्ह अडकू लागला तर सिलिंडर न उतरवता गाईड साफ करण्याची जी पद्धत दिली आहे, तिच्यातही प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत घालण्यास सांगितले आहे. विमानाच्या इंजिनाला जे चालते ते दिव्याच्या गॅरेजमध्ये जुगाड कसे ठरते, हा प्रश्न मी अब्बांना विचारला. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. "भोक तेवढंच असेल तर आत जाणार काय?" एवढेच म्हणाले.

हवेची पद्धतही त्यांना माहीत होती. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढायची, त्या पोकळ गाळ्यावर टायरचा निप्पल झाळून घ्यायचा, आतली पिन काढून टाकायची. झाला अडॅप्टर. तो प्लगच्या जागी घट्ट बसवायचा आणि कॉम्प्रेसरची नळी जोडायची. सिलिंडरमध्ये भरलेली हवाच व्हॉल्व्हला वर दाबून धरते. यात धोका असा की हवा पिस्टनलाही खाली ढकलते आणि क्रँक अचानक फिरतो. म्हणून गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड आणि पुलीच्या नटवर विसरलेला पाना मुळीच नाही. शिवाय हवेवर काम करताना टोपीवर हातोडी मारायची नाही. धक्क्याने व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवा निसटते. ठोकून लॉक सोडवायची नळी असते, तिच्यात चुंबक असतो, ती दोरीवर बरी.

दोन्ही पद्धतींत पहिले काम मात्र एकच : पुशरॉडच्या आणि तेल परत जाण्याच्या सगळ्या भोकांत चिंध्या कोंबायच्या. लॉक हातातून उडाले आणि भोकातून चेंबरमध्ये गेले, तर हेड वाचवून वाचवलेला दिवस चेंबर उतरवण्यात जातो.

२००६ ची चूक

आमच्या गॅरेजमध्ये स्वतःचा कॉम्प्रेसर नव्हता. हवा लागली तर शेजारच्या टायरवाल्याकडून नळी ओढायची. २००५ नंतर काही वर्षे ठाणे जिल्ह्यात भारनियमन होते. वीज गेली की टायरवालाही हातावर हात ठेवून बसे. त्या काळात दोरी हेच आमचे रोजचे हत्यार झाले.

याच काळात पद्मिनीत आणखी एक बदल झालेला होता. २००० नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांमुळे जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या होत्या. शहराच्या हवेसाठी ते गरजेचे होते. पण ज्या इंजिनची घडण शिसे घातलेल्या पेट्रोलवर झाली होती, त्याच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला आता ना शिशाचा थर मिळत होता, ना पेट्रोलचा ओलावा. गॅस कोरडा जळतो. बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. बंद न झालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवरून आग निसटत राहते आणि कड जळते.

२००६ च्या पावसाळ्यात संगमेश्वरकडचे एक काका टॅक्सी घेऊन आले. सकाळी धूर, बाकी गाडी ठीक. अब्बा गावी गेले होते. काका म्हणाले, "अरे, तू केलंस तरी चालेल. फक्त हेड नको. गणपतीला गावी जायचंय, चार पैसे जमू देत." वीज नव्हती. मी दोरी काढली.

टॅपेट कव्हर उघडल्यावर मी गॅप तपासले. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा गॅप जवळजवळ शून्य होता. मी तो बरोबर लावून घेतला आणि पुढे गेलो. आठही सील बदलले, दोन स्प्रिंगा थकलेल्या वाटल्या म्हणून सगळा संच नवा टाकला. एकही लॉक हरवले नाही. संध्याकाळी गाडी सुरू केली, धूर नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. गाडी हायवेवर बंद पडली होती. टोचन लावून आणली तेव्हा अब्बा परत आले होते. हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा उडाला होता आणि त्याने पिस्टनच्या माथ्याला भोक पाडले होते. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते.

अब्बांनी मला विचारले, "गॅप बघितला होतास?" मी म्हटले, "बघितला. कमी होता, लावला." ते म्हणाले, "कमी का झाला, ते बघितलंस?"

मी वीज नसल्याचे सांगितले. हवा असती तर सिलिंडरमध्ये भरताच सायलेन्सरमधून सुस्कारा ऐकू आला असता, हे मलाही ठाऊक होते. अब्बांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले की प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून गाडी ढकलली असती तरी कळले असते. तीन सिलिंडर अंगठा उडवतात आणि एक उडवत नाही, त्याला वीज कशाला लागते?

टॅक्सी अकरा दिवस उभी होती. सामानाचे पैसे अब्बांनी स्वतः घातले आणि मालकाचे रोजचे भाडेही भरले. काकांनी आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्या वर्षी ते गणपतीला गावी गेले नाहीत. दिव्यात चाळीतल्या घरातच होते. मी हरतालिकेच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी चहा दिला. काय बोलावे ते मला सुचले नाही.

तेव्हापासून या हत्यारांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. दोरी आणि हवा ही एकाच कामाची, एक गरिबाचे आणि एक श्रीमंताचे, अशी दोन साधने आहेत असे मी समजत होतो. तसे नाही. दोरी व्हॉल्व्हला फक्त धरते. हवा धरता धरता सांगतेही. सायलेन्सरमध्ये सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो, कार्बोरेटरमध्ये आला तर इनलेट, तेलाच्या टोपीतून जोरात आला तर रिंगा गेल्या, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. यांतले काहीही निघाले तर नवे सील घालून उपयोग नाही. दोरी वापरायची असेल तर ही तपासणी आधी दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने करावी लागते. मी ती केली नाही, कारण हेड खोलायचे नाही हे मी आधीच ठरवून बसलो होतो. चालकाची गरज खरी होती, पण तिच्यापुढे मी इंजिनला प्रश्न विचारायचे सोडून दिले.

हेडवर चढलेला कॅमशाफ्ट

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सीच्या वयाची मर्यादा आधी २५ आणि मग २० वर्षे झाली. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षे पूर्ण करून रस्त्यावरून उतरली. तिच्यासोबत अब्बांच्या तरफेचेही काम संपले.

कारण त्याआधीच इंजिन पुन्हा बदलले होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये नव्हता, तो वर हेडवर होता आणि पट्ट्यावर फिरत होता. पुशरॉड गेले. पुढे एका सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह झाले. स्प्रिंगा बारीक झाल्या, दाटीवाटीने बसल्या, लॉक आणखी लहान झाली. कित्येक इंजिनांत तर स्प्रिंग खोल विहिरीसारख्या भोकात बसते. इथे रॉकरच्या दांड्याला अडकणारी लांब तरफ उपयोगाची नाही.

अशा इंजिनांसाठी पुलासारखे हत्यार असते. हेडवरच्या बोल्टांच्या भोकांत दोन खांब उभे करायचे, त्यांवर आडवी पट्टी आणि पट्टीवर पुढे-मागे सरकणारा दाबाचा पाय. ते घेताना तीन गोष्टी पाहायच्या. खांबांचे आटे आपल्या हेडच्या भोकांना जुळतात का, पाय स्प्रिंगच्या टोपीच्या मापाचा आहे का आणि दाब सरळ खाली येतो का. तिरका आला तर दांडा आणि गाईड दोन्ही घासले जातात. दोन आकड्यांनी स्प्रिंगच्या वेटोळ्यांना धरून स्क्रूने आवळणारे एक स्वस्त हत्यार मिळते. त्याला स्प्रिंगच्या भोवती मोकळी जागा लागते आणि नव्या इंजिनांत ती सहसा नसते.

नवे सील बसवतानाही दोन वस्तू हव्यात. दांड्याच्या टोकावर चढवायची प्लास्टिकची टोपी, नाहीतर लॉकच्या खाचांची धार सीलचा ओठ कापते. आणि सरळ दाबायला नेमक्या व्यासाची नळी. पुष्कळ जण यासाठी गोटी पान्यातली योग्य मापाची गोटी वापरतात आणि ते चालते. हातोडीने थेट ठोकलेले सील मात्र टिकत नाही. जुनी स्प्रिंग परत घालायची असेल तर तिची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून बाकीच्यांशी ताडून पाहायची. टेबलावर काटकोनी गुण्याशेजारी उभी केली की ती वाकली आहे का तेही दिसते.

भाच्याला काय सांगितले

भाच्याकडे आलेली वॅगन आर सोळा व्हॉल्व्हची, सीएनजीवर चालणारी, अ‍ॅपवरच्या टॅक्सीसेवेला लावलेली. चालकाचे म्हणणे अगदी ओळखीचे होते. हप्ता चालू आहे, हेड नको, उद्यापर्यंत द्या. आता शिफ्टचे भाडे घेणारा मालक नाही, त्या जागी बँक आहे. गाडी उभी राहिली की घरी काही जात नाही, हे मात्र तसेच राहिले आहे.

मी भाच्याला म्हटले, "हत्यार उद्या मागव. आधी हवा भरून ऐक."

रविवारी मी दिव्याला गेलो. घरातल्या पेटीतून अब्बांनी प्लगपासून बनवलेला अडॅप्टर आणि त्यांची तरफ सोबत नेली. अडॅप्टरचे आटे १४ मिलिमीटरचे. वॅगन आरच्या प्लगच्या भोकाला ते लागले, पण प्लग खोल असल्याने भाच्याला त्याला लांब नळी जोडून घ्यावी लागली. आता त्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्रेसर आहे. आम्ही एकेक पिस्टन वर आणून हवा भरली. मी सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो, भाचा तेलाच्या टोपीपाशी. चालकाला आम्ही नेमके काय करतो आहोत ते कळेना. चारही सिलिंडर झाले. सायलेन्सरमध्ये आवाज नाही, हवेच्या फिल्टरकडे नाही. तेलाच्या टोपीतून हलकासा, तोही चारही ठिकाणी सारखाच, जेवढा इतके किलोमीटर झालेल्या इंजिनला असतोच. टॅपेटचे गॅप मोजले, तेही मर्यादेत होते.

मग मी म्हटले, "आता पूल मागव. हेड उतरवायची गरज नाही."

हत्यार यायला दोन दिवस लागले, काम दीड दिवसात झाले. चालकाला दोन दिवसांचा उशीर आवडला नव्हता. भाच्याने त्याला सायलेन्सरपाशी नेऊन एकदा पुन्हा हवा भरून ऐकवले आणि समजावले. तो किती समजला ते मला ठाऊक नाही, पण त्याने पुढे वाद घातला नाही.

परत येताना भाच्याने मला मोटारसायकलवरून शिळफाट्याकडून डोंबिवलीपर्यंत सोडले. कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरचे मैदान लागते. नव्वदच्या दशकात इथल्या कारखान्यात प्रीमियर आणि प्युजो मिळून ३०९ ही गाडी बनवत होत्या. तो कारखाना काही वर्षांतच बंद पडला आणि आता आजूबाजूला उंच इमारती उभ्या आहेत. भाच्याला ते प्रीमियर म्हणजे पद्मिनीवालेच, हे माहीत नव्हते. त्याने कधी पद्मिनीचे इंजिन उघडलेले नाही.

अडॅप्टर मी त्याच्याकडेच ठेवला. तरफही ठेवून आलो. तो म्हणाला, "मामू, ही कशाला लागणार?" मी म्हटले, लागणार नाही, पण भिंतीवर असू दे. तिच्या पायातली खिडकी बघ, नवे हत्यार घेताना कामाला येईल.